आईच्या भिंतीवरचं घड्याळ

दोमना टॅक्सीतून उतरली तेव्हा गाव तिच्या आईला पुरून कब्रस्तानातून परतत होतं. कुणी तिच्या नजरेला नजर देईना. म्हातारे पाद्रीबाबा तेवढे थांबले. "पोरी, उशीर केलास गं. तुझा भाऊ म्हणाला, ती आता काही येत नाही, लावा झाकण."

म्हणजे शेवटचा मुका हुकला. पेटीचं झाकण लागण्याआधी घरच्यांनी कपाळाचा घ्यायचा असतो, तो. त्यासाठीच ती जर्मनीहून, श्टुटगार्टहून, जीव मुठीत धरून आली होती. "तू आल्याशिवाय झाकण लागणार नाही," असा शब्द थोरल्या भावाने, पास्खालिसने, फोनवर दिला होता. शब्द कसला, थुंकी!

घरात कडू कॉफी आणि ब्रँडी फिरत होती. पास्खालिस टेबलाशी बसला होता.

"दादा, थांबला का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, विमान दहाला सुटतं? अठरा वर्षं तुझी एकच टिमकी, श्टुटगार्ट काय लांब आहे, अडीच तास! दहा नि अडीच, साडेबारा. गाडीचा तासभर. दीडला दारात हवी होतीस. आणखी पायघड्या घालायच्या होत्या का?"

"अरे, दहा तिथले! इथलं घड्याळ तिथल्यापेक्षा तासभर पुढे असतं, अडीचच्या आत कशी पोचणार मी?"

"अरेच्चा, खरंच की. ध्यानातच राहिलं नाही."

"दुःखात होतं असं, बाई," मावशी चुकचुकली. दोमनाला क्षणभर पटलंही. भावावर संशय घेतला म्हणून तिलाच मेली लाज वाटली.

पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली. जेवायच्या टेबलासमोर आईचं घड्याळ टिकटिकत होतं, तासभर मागे. लेक कामावरून कधी सुटते ते कळावं म्हणून आईने ते जर्मनीच्या वेळेवर लावलेलं, आणि कुणी हात लावला तर ती हात मोडायची भाषा करायची. त्याच्यासमोर पास्खालिस रोज दोन्ही वेळा जेवत होता. म्हणे ध्यानात राहिलं नाही!

तिने घड्याळ काढलं आणि बाहेर नेऊन त्याच्या पेल्यासमोर आदळलं. "विसरलास?"

पास्खालिसने मान खाली घातली नाही.

"नाही विसरलो. आईचं हगणंमुतणं मी काढलं. आणि ती बया या घड्याळाकडे बघून म्हणायची, आता माझी दोमना सुटली असेल, आता जेवली असेल. मी जेवलो का, ते एकदा तरी विचारलं? तुला एक मुका कमी मिळाला तर काय आभाळ कोसळलं? घेऊन जा ते. तिकडे बरोबर चालेल."

दोमनाचा हात उठला, मारायलाच. मग तिने घड्याळ उचललं, आत नेलं आणि होतं त्याच खिळ्याला टांगलं.

"ने म्हटलं ना!" तो मागून ओरडला.

"राहू दे, पास्खालिस," ती म्हणाली. दादा सोडून त्याला तिने आजवर कधी नावाने हाक मारली नव्हती. "रोज जेवताना बघत जा."