मेणबत्तीएवढा अंक

“मादाम, त्या कादंबऱ्या तुमच्या, की तुमच्या चुलतभावाच्या?”

पैज माझ्या वर्गातल्या ओदीलची होती. विचारलं तर तिच्या वाटणीचा सफरचंदाचा मुरांबा माझा. आमच्या मठाच्या शाळेत, बागेकडच्या खोलीत म्हाताऱ्या मादाम द वोरिन्यी राहतात. काही निनावी कादंबऱ्या त्यांच्या की त्यांच्या चुलतभावाच्या, अशी कुजबुज शाळेत कायम चालते. त्यांना हे तोंडावर विचारायची वर्गात एकीचीही छाती नव्हती. माझी झाली!

त्या रागावल्या नाहीत. भरदुपारी मेणबत्ती पेटवून म्हणाल्या, “बक्षीस समारंभाचं नाटक तूच लिहिलंयस ना? वाच.”

मी धडाधड वाचत सुटले. पहिला अंक संपायच्या आतच वात काजळली, धूर निघू लागला.

“मेणबत्तीएवढाच अंक हवा. पुढचं काप,” मादाम म्हणाल्या.

पॅरिसात त्यांची चार नाटकं झाली, सगळी याच मापाची. अंक संपला की मेणबत्त्यांची झुंबरं खाली उतरवून काजळलेल्या वाती कातरेपर्यंत लोक गप्पा मारायचे, संत्री सोलायचे. मादाम मुखवटा घालून सज्जात बसायच्या आणि पुढच्या अंकाचं पहिलं वाक्य मनात घोळवायच्या. अजून संत्रं सोललं की ते वाक्य ओठांवर येतं, म्हणाल्या.

“आणि नाटक संपल्यावर?”

“चुलतभाऊ उठून लवून टाळ्या स्वीकारायचा. भिंतीवरच्या जाहिरातीच्या कागदावर त्याचंच नाव. बाईनं नाव लावायचं नाही, अशी रीत. सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवायचे, पोरी.”

कादंबऱ्यांवर तर कुणाचंच नाव नाही. त्या यांनीच लिहिल्या हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. मादाम हसल्या आणि काजळलेली वात कातरत बसल्या.

माझ्या नाटकाच्या पत्रकावरही आमच्या पाद्रीबाबांचं नाव जाणार होतं. कालपरवापर्यंत मला तो मानच वाटत होता.

रविवारी भेटीच्या खोलीत आईबाबा जाळीपलीकडे बसले होते. बाबांचा रुआं शहरात छापखाना आहे, पत्रकाचा मजकूर न्यायला ते आले होते. मी कागद सरकवला, पाद्रीबाबांचं नाव खोडून माझं लिहिलेला. वाचून बाबांनी चष्मा पुसला. आई कुजबुजली, की मुलीचं नाव असं चव्हाट्यावर लागलं तर लोक काय म्हणतील, आणि मठाच्या मदर नाटकच बंद करतील ते वेगळंच.

“करू देत,” मी म्हणाले. “बाबा, छापताना नाव पेरीन तिरेल असंच जुळवा. नाहीतर मी नाटक मागे घेते. पाद्रीबाबांसाठी टाळ्या मी वाजवणार नाही.”