गावनिहाय

सूर्यभान वाव्हळेने घड्याळाची कळ दाबली आणि पुण्याच्या इंजिनिअरला मानेने खूण केली. घड्याळ शाळेच्या ड्रिलमास्तरांकडून मागून आणलेलं, धावण्याच्या शर्यतीचं. आजची शर्यत दोन संगणकांची होती. एक पुण्याच्या कंपनीचा, दुसरा हैदराबादच्या. दोन्ही पंधरा दिवसांच्या बोलीवर परभणीला आलेले. त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेच्या कार्यालयातली एकुलती एक थंड खोली रिकामी केली होती, आणि चपला बाहेर काढून आत जायचा नियम साहेबांनाही चुकला नव्हता.

दोन्ही यंत्रांच्या पोटात माहिती एकच होती. जिल्ह्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरींच्या पंधरा वर्षांच्या नोंदी, दोन टायपिस्टांनी आधीचे चार महिने बोटं झिजवून फितींवर भरलेल्या. प्रश्न दहा, सूर्यभानने काढलेले. कुठल्या गावात विहिरी किती, कुठल्या गावचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, कुठल्या गावाला गेल्या पाच उन्हाळ्यांत टँकर लागला. जे यंत्र कमी वेळात उत्तरं देईल ते विकत घ्यायचं, आणि त्यानेच काढलेल्या यादीवरून एकोणनव्वदच्या या उन्हाळ्यात हातपंप कुठे बसवायचे ते ठरवायचं.

पुण्याच्या यंत्राने दहाही उत्तरं अकरा मिनिटांत दिली. हैदराबादच्या यंत्राला दोन तास वीस मिनिटं लागली. मधल्या वेळात सगळ्यांचा दोनदा चहा झाला.

पाणीपुरवठा कक्षाचे अधीक्षक दिनकरराव निवृत्तीला सहा महिने राहिलेले गृहस्थ. हिशेबाला चोख, बोलायला तिखट. त्यांनी उत्तरं ताडून पाहिली. दोन्हीकडची तंतोतंत जुळत होती.

"यात तुलना कसली करायची?" ते म्हणाले. "एक घोडा आहे, एक म्हैस आहे."

"म्हैस दूध देते, साहेब," हैदराबादचा प्रौढ इंजिनिअर पडेल आवाजात म्हणाला.

सगळे हसले. तो शनिवार होता. मंगळवारी अहवाल वर जायचा होता, आणि तो पुण्याच्या बाजूने लिहायला सूर्यभानला अर्धा तास पुरला असता.

रविवारी तो मायला भेटायला हिवरगव्हाणला गेला. कस्तुराबाई घरी एकटीच असायची. परभणीला चल म्हटलं की म्हणायची, तिथं कुणाशी बोलू? लेक आलेला बघून तिने चूल पेटवायला घेतली, मग माठात डोकावली आणि कोपऱ्यातली घागर उचलली.

"बस तू. मी गावात जाऊन येते."

"आता उन्हाचं कशाला?"

"पाण्याला. तुला च्या नको व्हय?"

गावात जाऊन येते, हे वाक्य त्याने जन्मापासून ऐकलं होतं. आज ते कानात अडकलं.

"माय, आपण कुठं ऱ्हातो?"

"असं काय इचारायलास? वस्तीवर."

"आन् गाव?"

"गाव तिकडं हाय," कस्तुराबाईने हनुवटीने दाखवलं. "लय शिकलास, आन् गाव कुठं हाय ते इसरलास का?"

त्याने घागर मागितली, तिने दिली नाही. साहेब झालेला लेक विहिरीवर ताटकळत उभा राहिलेला तिला बघवला नसता. मागच्या साली घसरून पडल्यापासून तिचा उजवा खुबा दुखायचा, म्हणून घागर डाव्या कडेवर घेऊन ती वाकडी वाकडी चालत गेली.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा गावाने वस्तीचं पाणी तोडलं होतं. पुढे बैठका झाल्या, समेट झाला. पण विहिरीचा रहाट वस्तीच्या हाती काही आला नाही. कुणी शेंदून वरून ओतलं तर घ्यायचं, नाही तर थांबायचं. या सगळ्या वर्षांत नोंदवहीतला आकडा मात्र जागचा हलला नव्हता. हिवरगव्हाण, विहिरी सहा.

कस्तुराबाई दीड तासाने आली. घागर अर्धीच होती.

"ह्या साली हातपंप येणार म्हनतेत. खरं हाय का रे?" तिने चहा गाळताना विचारलं.

सूर्यभानने बशी तोंडाला लावली. सहा विहिरींच्या गावाला हातपंप कोण देतो? दहाही प्रश्न त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि दहांतही एकच शब्द होता, गावनिहाय. नोंदवहीत वस्तीचा वेगळा रकाना होता, शेवटून दुसरा. त्या रकान्याबद्दल विचारावं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. अठरा वर्षांच्या नोकरीत तो सरकारी मराठी अशी काही शिकला होता की मायची मराठी विसरून गेला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. चहा कसा झालाय हे कस्तुराबाईने दोनदा विचारलं तेव्हा कुठे त्याला ऐकू आलं.

सोमवारी सकाळी तो दिनकररावांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, एक प्रश्न वाढवायचा होता."

"परीक्षा झाली. निकाल लागला. आता कसला प्रश्न?"

"ज्या वस्त्यांना स्वतःची विहीर न्हाई, त्या वस्त्यांची यादी. गावात विहीर असली तरी."

दिनकररावांनी चष्मा काढला. "प्रश्न तुम्हीच काढले होते ना?"

"माझीच चूक झाली, साहेब. तसं लेखी देतो."

"लेखी दिलंत तर लोक काय म्हणतील, ठाऊक आहे? वाव्हळ्यानं आपल्या लोकांसाठी निकाल फिरवला."

ते सूर्यभानला ठाऊक होतं. रात्रभर त्याने मनात दुसरं काय ऐकलं होतं? तरी तो टेबलासमोरून हलला नाही. दिनकररावांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. माणूस तिखट होता, वाकडा नव्हता. त्यांनी कोरा कागद ओढला, प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि खाली सही केली.

"हा माझा प्रश्न. चला."

पुण्याच्या तरुण इंजिनिअरने प्रश्न वाचला, कळा दाबल्या, पुन्हा दाबल्या.

"सर, हे नाही निघणार. आमचं यंत्र गावाच्या बेरजा आधीच करून ठेवतं. म्हणून तर इतकं भराभर उत्तर देतं. वस्तीचा आकडा त्या बेरजेत गेला."

"मग सुटा करा."

"सर, मीठ पिठात मळल्यावर..." तो ओशाळून थांबला. "सगळं नव्यानं भरावं लागेल. महिनाभर तरी."

हैदराबादच्या इंजिनिअरने कपाळ पुसलं. "आमचं एकेक ओळ वाचतं, साहेब. वेळ लय घेतं. पण ओळ सोडत न्हाई."

त्याने खरोखरच वेळ घेतला. तीन तास होऊन गेले. जेवणाची सुट्टी आली नि गेली. सूर्यभान घड्याळ हातात धरून तिथेच बसून राहिला, आणि दिनकररावही आपल्या टेबलाकडे परतले नाहीत. अखेर छपाईचं यंत्र करकरलं. कागदाची लांबच लांब पट्टी बाहेर येऊ लागली. चारशे सात वस्त्या. हिवरगव्हाण पहिल्याच पानावर होतं. सूर्यभानने ते नाव पाहिलं आणि पान पुढे सरकवलं.

दिनकरराव एकेका नावाखाली बोट धरून वाचत होते. सहाव्या पानावर बोट थांबलं.

"इथं चुकलंय," ते म्हणाले. "दहीसावंगी. आमचं गाव आहे हे. आठ विहिरी आहेत तिथं. एक तर आमच्या दारातच आहे."

सूर्यभान आतल्या खोलीतून मूळ नोंदवह्या घेऊन आला. दोघांनी पानं उलटली. दहीसावंगी, गाव आठ, वस्ती निरंक. पुढच्या वर्षी निरंक. त्याच्या पुढच्या वर्षीही निरंक. अक्षर मधून मधून बदलत होतं, कारण ग्रामसेवक बदलले होते. शब्द तोच होता.

"मग पाणी कुठून आणतात ते?"

"ते नोंदीत न्हाई, साहेब. त्याला रकानाच न्हाई."

दिनकररावांनी नोंदवही बाजूला सारली आणि अहवालाचा कागद मागितला. वेळेच्या रकान्यात त्यांनी दोन्ही यंत्रांचे आकडे जसेच्या तसे लिहिले. शिफारशीच्या रकान्यात हैदराबादच्या कंपनीचं नाव लिहिलं, चारशे सात वस्त्यांची यादी सोबत जोडल्याचा शेरा मारला आणि सही करून पेनाला टोपण लावलं.

"वाव्हळे," ते नेहमीपेक्षा हलक्या आवाजात म्हणाले, "लहानपणी आमच्या दारातल्या विहिरीपाशी बाया बसलेल्या असायच्या. रिकाम्या घागरी घेऊन, लिंबाखाली. रोज असायच्या."

त्यांनी पेन खिशाला लावलं.

"मला वाटायचं, सावलीला बसतात."