खांद्यावरचा हात

माझे बाबा, नीळकंठराव, बरखेड्याच्या कारखान्यात फोरमन होते आणि घरी कलावंत होते. कारखान्यात त्यांच्या हाताखाली बावीस माणसं होती. घरी आई आणि मी, आणि आम्ही दोघी हाताखाली यायला तयार नव्हतो, म्हणून ते आमचे फोटो काढत. क्वार्टरच्या न्हाणीघरात लाल दिवा लागला की आंघोळ बंद. दार वाजवलं तर आतून "कागद धुतोय!" एवढंच ऐकू यायचं. मग आई शेजारच्या कुसुमताईंकडे आंघोळीला जाई आणि रस्त्यानं सगळ्यांना सांगे, की आमच्याकडे पाणी आहे, न्हाणी आहे, फक्त नवरा आत आहे.

मला चोविसावं लागलं होतं. तीन स्थळं बाबांच्या फोटोंनी घालवली होती. मुलगी नापसंत असं कुणी कळवलंच नाही. "फोटोत मुलगी नेमकी कुठे आहे?" असं कळवलं.

त्यात ग्वाल्हेरचं स्थळ आलं. यशवंत, शाळेत गणित शिकवणारा. आणि इथे मी खरं ते सांगून टाकते, मी त्याला आधीच पाहिलं होतं. उज्जैनला मावसबहिणीच्या लग्नात तो पंगतीत वाढत होता. माझ्या पानात चौथी जिलबी टाकताना म्हणाला, "घ्या हो, मी गणिताचा मास्तर आहे, पण आज सुट्टीवर आहे." मला तो फार म्हणजे फारच आवडला. त्याला माझं नावही माहीत नव्हतं. फोटो बघून त्यानं "अरे, ही तर ती!" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. म्हणजे फोटोत मी दिसायला हवं होतं, आणि बाबांच्या फोटोत नेमकं तेच अवघड होतं.

रवींद्रमामा गुरुवारी ग्वाल्हेरला जायचा होता, फोटो तोच नेणार होता. आई म्हणाली, "अहो, बाजारातल्या स्टुडिओत जाऊन एक साधा फोटो काढून आणू दे तिला."

"स्टुडिओत?" बाबा कळवळले. "मागे पडद्यावर काश्मीर आणि पुढे प्लॅस्टिकची फुलं! वसुधा, तो फोटो नव्हे, ती पावती. फोटोग्राफी ही कला आहे."

"मग तुम्ही काढा तुमची कला. पण तिला नाक, डोळे सगळं हवं."

शनिवारपासून बाबांनी माझ्या चेहऱ्यावरून फोटोग्राफीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास फिरवला. सुरुवातीच्या काळात माणसं म्हणे मिनिटंच्या मिनिटं न हलता बसत, म्हणून त्या चेहऱ्यांत आत्मा उतरे. बाबांनी मला कोठीच्या अंधाऱ्या खोलीत बसवून माझं डोकं मफलरनं खुर्चीच्या पाठीला बांधलं आणि आठ मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला. सहाव्या मिनिटाला नाकावर माशी बसली. फोटोत खुर्ची आली, मफलरची वीण न् वीण आली आणि माझ्या तोंडाच्या जागी धूर आला.

रविवारी कळलं, की पुढे फोटोग्राफीला चित्रकलेचा हेवा वाटू लागला. त्या हेव्यापायी बाबांनी भिंगासमोर काच धरून तिला व्हॅसलीन फासलं. फोटो बघून आईनं विचारलं, "मोतीबिंदू हिला झालाय की मला?"

सोमवारी सत्याचा काळ उजाडला. सत्य बेसावध असताना पकडायचं असतं, म्हणून मी भाजीवाल्याशी भांडत असताना बाबा सीताफळाच्या झाडामागे दबा धरून बसले. हातात वांगं आणि तोंड उघडं असा तो फोटो अगदी हुबेहूब आला होता. मी तो फाडला. मंगळवारी आधुनिक काळ आला आणि त्यात माझा डावा कान आणि कपडे वाळत घालायच्या दोरीची सावली एवढंच उरलं.

"यात सुचेता कुठे आहे?" आईनं विचारलं.

"ती दाखवायची नसते. जाणवायला हवी."

"बाबा, त्याला मी जाणवायला नकोय, दिसायला हवीय!" असं ओरडून मी रडतच आत गेले आणि दार आपटलं. आपण जन्मभर या माणसाच्या कलेपायी घरात बसणार, असं मला अगदी खरंच वाटलं.

बुधवारी संध्याकाळी आईनं कात्री काढली. कारखान्याच्या दवाखान्यातून औषध घ्यायचं तर प्रत्येक कुटुंबाचं एक मेडिकल बुक असे आणि त्यात सगळ्यांचा एकत्र फोटो. कारखान्याच्या फोटोग्राफरनं "पुढचे!" म्हणत काढलेल्या त्या फोटोत बाबा मधे उभे होते, दोन्ही हात आम्हा दोघींच्या खांद्यांवर. माझं नाक, डोळे सगळं जिथल्या तिथं होतं. पदरावर कारखान्याचा जांभळा गोल शिक्का होता. आईनं मला सरळ कापून काढलं आणि मामाच्या हाती दिलं.

दोन दिवसांनी मला ताप आला. दवाखान्यात कंपाउंडरनं मेडिकल बुक उघडलं, फोटोतल्या भोकातून पलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, बिटिया तो इसमें है ही नहीं। दवा किसको दूँ?"

मग ग्वाल्हेरचं पत्र आलं. यशवंताचे वडील नरहरराव कोर्टातून निवृत्त झालेले. लिहिलं होतं, "मुलगी ठीक वाटते. फोटोवर शिक्का पाहून समाधान झाले. परंतु मुलीच्या खांद्यावर एका पुरुषाचा हात आहे. तो कोणाचा, याचा खुलासा व्हावा."

आईनं धावत जाऊन मेडिकल बुक उघडलं. घाईत तिनं बाबांचं मनगट कापलं होतं, पंजा माझ्याबरोबर ग्वाल्हेरला गेला होता.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपला कॅमेरा माझ्या हातात दिला. "माझ्या हाताचा फोटो काढ. करंगळी नीट येऊ दे." यंत्रात सापडून त्यांची करंगळी वाकडी झाली होती, आणि नखं फोटो धुण्याच्या औषधानं तपकिरी पडली होती. खिडकीशी बसून त्यांनी हात पुढे केला.

"मान हलवू नका," मी म्हटलं.

"मान फोटोत नाहीये."

"तरी हलवू नका. करंगळी अजून थोडी पुढे."

"त्यांनी नाही म्हटलं, तर ते माझ्यामुळे गं," बाबा म्हणाले.

माझा सगळा राग गेला. मी चार पावलं मागे सरकले आणि सगळे बाबा घेतले. बावीस माणसांचा फोरमन, छडी खायला हात पुढे केलेल्या मुलासारखा. घरात शेकड्यांनी फोटो होते, पण बाबांचा एकट्याचा तो पहिलाच. त्या दिवशी ते न्हाणीघरातून बऱ्याच वेळानं बाहेर आले. "फोकस बरा आहे," एवढंच बोलले आणि फोटो ग्वाल्हेरच्या पाकिटात घातला.

उत्तर यशवंतानं स्वतः लिहिलं. "तीर्थस्वरूप काकांस, आमच्या बाबांनी भिंग लावून करंगळी जुळवली, त्यांची हरकत नाही. मला खुलासा नकोच होता. जिलबीवाल्या पाहुण्यांना मी शिक्क्यासकट ओळखलं. विचारायचं एवढंच, की हा दुसरा फोटो कुणी काढला?"

तो फोटो आज ग्वाल्हेरला आमच्या बैठकीत आहे. हे गृहस्थ काय मागताहेत, असं पाहुणे विचारत, तेव्हा माझे सासरे गंभीरपणे सांगत, "तो खुलासा आहे."

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा मेडिकल बुक टेबलावर होतं. फोटोत आई, शेजारी बाबा, त्यांचा एक हात आईच्या खांद्यावर आणि दुसरा मनगटापर्यंत, पुढे माझ्या आकाराचं भोक.

"बाबा, हा अजून बदलून घेतला नाही?"

"कशाला? इतके दिवस चूक होता," बाबा म्हणाले. "आता बरोबर आहे."