बारीक जावई

नवरदेव ओळखायला मी चुकले, आणि तेही साऱ्या न्येंडो गावासमोर. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही चुकला असतात, तेव्हा आधी हसून घ्या, मग ऐका.

आमच्याकडे लग्नाआधी मुलाकडचे लोक मुलीच्या घरी टोपल्याच्या टोपल्या घेऊन येतात. मांडवात समोरासमोर बसायचं आणि दोन्हीकडच्या बोलणाऱ्यांनी एकमेकांना यथेच्छ टोमणे मारायचे. नवरदेव मात्र आपण कोण ते सांगत नाही. मित्रांच्या रांगेत गुपचूप बसतो, सगळ्यांसारखाच पांढरा पायघोळ झगा आणि वर कोट घालून. मग मुलीची आत्या उठते, रांगेतून फिरते, आपला जावई हुडकते आणि त्याच्या कोटावर फूल लावते. हा मान आत्याचाच, कारण मुलगा सगळ्यांत आधी आत्याला भेटायला येतो. आत्या हो म्हणाली तर पुढचं सगळं, नाहीतर बसा बोंबलत.

लुबेगा मला भेटायला आला होता गेल्या वर्षी. दार भरून आत आला. गोबरे गाल, मानेला वळ्या, आणि पोट असं की कोटाची बटणं देवाच्या भरवशावर. मी म्हटलं, वा! ह्याच्या घरी माझी पोर उपाशी राहायची नाही. मी त्याला उकडलेल्या केळ्यांचा मटोके वाढला, वर शेंगदाण्याचा रस्सा. पठ्ठ्याने पुन्हापुन्हा मागून घेतला, शिवाय सोड्याच्या बाटल्या रिचवल्या. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. त्यानंतर तो कंपालाला आणि मी इकडे मसाक्याकडे. फोनवर बोलणं व्हायचं, पण फोनवर पोट थोडंच दिसतं? नाज्जेंबा, माझी भाची, तीही कंपालालाच शिवणकाम करते. ती एकदा म्हणाली, "आत्या, तो जरा बारीक झालाय हं." मी म्हटलं, "लग्नाच्या खर्चाने सगळेच होतात." आणि विषय तिथेच मिटवला.

नाज्जेंबा भावाची मुलगी, पण वाढवली मी. माझा भाऊ सेकितो आणि त्याची बायको, दोघंही ती शाळेत जायच्या आधीच गेले. कशाने, ते आमच्या भागात कुणी विचारत नाही. त्या वर्षांत इथे घरोघरी माणसं सुकत गेली आणि सुकता सुकता मेली. लोकांनी त्या रोगाचं नावच ठेवलं 'सिलिम', म्हणजे बारीक. माझा भाऊ आधी म्हणायचा, मलेरिया आहे. मग म्हणाला, पोटात अल्सर आहे. लहानपणी ज्याने मला खांद्यावर बसवून बाजार दाखवला, त्याला शेवटी मी तान्ह्या पोरासारखी उचलून न्हाणीत न्यायचे. तेव्हापासून कुणी बारीक होताना दिसलं की मला तोच आठवतो. मी स्वतः चांगली जाडजूड आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

तर शनिवारी मांडव भरला. आमच्या बाजूने बोलायला कासुले होता. जिभेला हाड नाही त्याच्या. म्हणाला, "आत्याबाई, डोळे पुसून घ्या! ज्याला फूल लावाल त्याच्याच गळ्यात पोरगी."

"अरे जा!" मी म्हटलं. "माझा जावई मी डोळे मिटून ओळखीन."

बायकांनी टाळ्या पिटल्या. मी कमरेला पट्टा आवळून ठुमकत रांगेतून निघाले. मुद्दाम एकेकापाशी थांबायचं, नाक मुरडायचं, पुढे जायचं. रांगेच्या मध्यावर तो बसला होता, लठ्ठ, हसरा, घामाने डबडबलेला. मी झोकात फूल लावलं आणि त्याचा गालगुच्चा घेतला.

तो ताडकन उठला. "आत्या, मी नाही हो! मी चुलतभाऊ, बुकेन्या! बायको समोर बसलीये माझी, घरी जाऊन सोलून काढील!"

मांडवात हास्याचा स्फोट झाला. मलाही हसू आवरेना. "मग कुठे लपवलाय तुमचा नवरदेव?"

बुकेन्याने शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं.

शेजारी जो बसला होता त्याच्यावरून मी नुकतीच नाक मुरडून पुढे गेले होते. तो उभा राहिला. झगा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. गालाची हाडं वर आलेली, मान कोवळ्या पोरासारखी. फक्त डोळे ओळखीचे. "आत्या," तो म्हणाला, "मीच लुबेगा."

हसणं थांबलं. बायकांच्या चटईवर नालोंगो बसली होती. जुळ्यांची आई म्हणून तिला सगळे नालोंगो म्हणतात. तिची जुळी गेली, त्यांच्या मागचा मुलगाही गेला, सगळे त्याच वर्षांत. ती कुणाला टोचायला नाही बोलली, तिच्या तोंडून आपसूकच निघालं, "सिलिम."

माझा धाकटा भाऊ मायंजा बापाच्या जागी बसला होता, तो खुर्चीतून अर्धा उठला. तो आता सगळं मोडणार हे मला दिसत होतं, आणि खरं सांगू, मोडावं असंच मलाही वाटत होतं. आईबापांना मातीत घातलेल्या पोरीला पुन्हा त्याच खड्ड्याशी नेऊन उभी करू? हो मी म्हटलं होतं, म्हणजे नाही म्हणायचं तेही मलाच.

कासुले हुशार. ओरडला, "अहो, आमच्या आत्याला जावई पसंत पडेना! नव्याने पारखणार म्हणते. आणि पाहुण्यांनो, नवरदेव अर्धाच आणल्याबद्दल तुम्हाला दंड! उरलेला अर्धा कुठे ठेवलात?" लोक पुन्हा हसले, कसनुसे. मी लुबेगाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत मागे स्वयंपाकाच्या छपराखाली नेलं. तिथे केळीच्या पानांत मटोके वाफत होता. स्वयंपाकिणींना मी हाताने बाहेर घालवलं.

"खरं बोल," मी म्हटलं. "खोटं बोललास तर ह्याच पातेल्यात उकडीन."

"आत्या, मी आजारी नाही. आजारी पडू नये म्हणूनच..."

"मलेरिया की अल्सर?"

"काय?"

"तुमचं काय असतं ते विचारते. मलेरिया की अल्सर?"

त्याला उमगलं. तो खाली उकिडवा बसला, वडीलधाऱ्यांसमोर बसतात तसा. "आत्या, माझ्या वडिलांना साखर होती. आधी अंगठा कापला, मग पाय, मग डोळे गेले. मी रस्त्यावर चपात्या तळतो. दिवसभर बसून तळायचं, तळता तळता खायचं, वर सोडा. चर्चच्या अंगणात तपासणी लागली होती, मी नुसता टी-शर्ट मिळतो म्हणून गेलो. सिस्टर म्हणाली, साखर अजून घरात आलेली नाही, दारात उभी आहे. आत घ्यायची की हाकलायची, तुझं तू ठरव."

"मग?"

"मग सोडा सोडला. चपाती गिऱ्हाइकाला. मला घेवडा, पालेभाजी, मटोके मूठभर. चपातीच्या गाडीवर जायला बोडा घ्यायचो, भाड्याची मोटरसायकल, तो बंद केला. चालत जातो, चालत येतो. पहिले काही दिवस रडायला यायचं आत्या, देवाशप्पथ. बुकेन्या समोर बसून माझ्याच चपात्या हाणायचा."

ऐकायला गोड होतं. पण मी गोड बोलणाऱ्यांना पुरलेलं आहे. "माझा भाऊही असाच शपथा घ्यायचा," मी म्हटलं.

मागच्या खिडकीतून आवाज आला, "आत्या, सोड त्याला." नाज्जेंबा. नटूनथटून आत बसायचं सोडून खिडकीला नाक लावून उभी. "आम्ही दोघांनी तपासून घेतलंय. दोघंही चांगले आहोत."

"तू आत बस! नवरीने तोंड दाखवायचं नसतं."

"तू मला विचारलंस का कधी? मी सांगत होते, तो बारीक झालाय. तूच म्हणालीस खर्चाने."

"तुझ्या आईनेही मला सांगितलं होतं, सगळं ठीक आहे." बोलून गेले आणि जीभ चावली. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ती खिडकीतून हलली नाही.

लुबेगा उठला. चपला पायांत सरकवल्या. "आत्या, नाक्यावर क्लिनिक आहे ना? चला. आत्ता. तुमच्यासमोर रक्त देतो."

"लोक बसलेत मांडवात."

"बसू देत. उगाच तुमच्या मनात किडा नको. मला हिच्याबरोबर पुष्कळ वर्षं काढायचीत."

माझा भाऊ सेकितो डॉक्टरचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचा. हा माझ्यापुढे चालायला लागला, आणि काय चालतो हो! मी अंगातल्या गोमेसीचा, म्हणजे आमच्या पायघोळ सणाच्या झग्याचा, घोळ सावरत, धापा टाकत मागे. "अरे हळू! म्हातारीला मारतोस का?" मागे मांडवातून कासुलेचा आवाज येत होता, तो पाहुण्यांना कोंबडे कमी आरवल्याबद्दल दंड करत होता.

क्लिनिकमधल्या सिस्टरने आमचे कपडे बघितले आणि विचारलं, "लग्न आहे का?"

"ते तुमच्यावर आहे," मी म्हटलं.

तिने त्याला बाजूला घेतलं, त्याची मर्जी विचारली. तो म्हणाला, आत्याला इथेच बसू द्या. मग बोट टोचलं, थेंब घेतला, आणि थांबा म्हणाली. थांबा! मी बाकावर बसले आणि सेकितोशी भांडायला लागले, मनातल्या मनात. तू खरं बोलला असतास तर आज मी ह्या पोरावर विश्वास ठेवला असता. तुला रागवायचं राहूनच गेलं बघ, तू इतका हलका झाला होतास.

लुबेगाने हळूच विचारलं, "आत्या, रडताय?"

"घाम आहे. गप बस."

सिस्टर आली. पट्टी पुढे धरली, समजावून सांगितलं. तो रोग नाही. साखरही बघितली होती तिने. म्हणाली, ठीक आहे, अगदी जिथे असायला हवी तिथे. "असंच चालू ठेवा," म्हणाली, "सोडलंत तर परत दारात येईल."

माझ्या छातीवर केव्हापासून दगड ठेवलेला होता, लुबेगाच्याही कितीतरी आधीपासून, तो गडगडत खाली गेला. मी त्या पोराला कवटाळलं. हाडं लागली, पण गरम होती, घट्ट होती. आणि मी हसायला लागले, रडायला लागले, काय काय करायला लागले.

"तुम्ही बसा जरा," सिस्टर मला म्हणाली, "तुमचा चेहरा मला आवडला नाही," आणि दंडाला पट्टा गुंडाळून फुसफुस करायला लागली. पट्टा पुरेना, दुसरा मोठा आणला. रक्तदाब वर निघाला माझा. मीठ कमी, चालणं जास्त, आणि सोमवारी परत या.

"सोमवारी मला वेळ नाही," मी म्हटलं.

"मी नेतो त्यांना," लुबेगा म्हणाला. "चालत." आगाऊ!

परत येताना मी विचारलं, "लोकांना सांगू का? तुझी खासगी गोष्ट आहे."

"सांगा. नाहीतर ते आयुष्यभर माझं ताट मोजतील."

मांडवात शिरलो तर सगळे आमचीच वाट बघत होते. कासुलेचे दंड संपले होते बिचाऱ्याचे. मायंजा उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मधोमध उभी राहिले. धाप लागली होती, आणि लांबण लावायची माझी सवय असली तरी त्या वेळी थोडंच सुचलं.

"ऐका रे सगळे. मी आत्ता ह्याला नाक्यावरच्या क्लिनिकात नेऊन आणलंय, रक्त माझ्या डोळ्यांसमोर काढलंय. तुमच्या मनात आहे ते नाही. ह्याच्या बापाला साखरेने तुकड्यातुकड्याने खाल्लं. ते बघून ह्याने तोंडाला आवर घातला. आपल्याकडे आजवर माणसं मरताना बारीक झाली. हा जगायचं म्हणून झालाय. हाच माझा जावई. कुणाला काही म्हणायचंय?"

मायंजा खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आतून नाज्जेंबाच्या मैत्रिणींचा किलकिलाट ऐकू आला. बहुतेक ती अजून खिडकीलाच होती.

मग बायकांच्या चटईवरून नालोंगो उठली. तिला उठायला वेळ लागतो, सगळे थांबले. ती लुबेगापाशी आली. त्याचं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याने हाड चाचपत राहिली, जशी कधीकाळी आपल्या पोरांची चाचपली असतील. तो तिच्यापुढे खाली बसला.

"पोरा," ती म्हणाली, "म्हातारा हो."

"होतो, आजी," लुबेगा म्हणाला.

मी डोळे पुसले, आणि आत ओरडून सांगितलं, नवरीला बाहेर आणा.