बाईंचे गोड, काकांचे खारे

जपानच्या समुद्राकाठच्या आमच्या ताकाओकात त्या वर्षी बर्फ लवकर पडला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दार उघडलं तर बाहेर गुडघाभर. आमच्या दुकानासमोरचा बर्फ नवऱ्याने उपसला, पण गल्लीच्या टोकाला सुमिए बाई एकट्या राहतात, त्यांच्या दारातला कोण उपसणार, ही मला काळजी. बाई अंगाने काडी, आणि कोणाची मदत घ्यायची म्हटलं की त्यांना कमीपणा वाटतो. आयुष्यभर त्यांनी कोतो शिकवला, अजूनही शिकवतात. तेरा तारांचं ते लांबलचक वाद्य शिकायला निम्म्या गावाच्या मुली त्यांच्यासमोर बसल्या. मीही बसले. म्हणून मी त्यांना अजून बाईच म्हणते, आणि त्याही मला अजून आधी "ताझुको, पाठ सरळ" म्हणतात, मग बाकीचं बोलतात.

मी फावडं घेऊन गेले तर बाईंच्या दारापासून रस्त्यापर्यंत वाट स्वच्छ झालेली. कडेला बर्फाचा ढीग, तोही कोपऱ्यात नीट चोपून बसवलेला. हे काम समोरच्या घरात नव्याने राहायला आलेल्या नाबेशिमा काकांचं, असं मग कळलं.

काका ओतारी. पन्नास वर्षं त्यांनी देवळांच्या घंटा ओतल्या. प्रत्येक घंटा वाजवून पारखायची, त्यात कान गेले, आणि कान गेले तसा आवाज चढला. बायको वारल्यावर मोठं घर विकून ते आमच्या गल्लीत आले होते.

त्याच दिवशी दुपारी बाई दुकानात आल्या.

आमचं दुकान दाण्यांचं. डाव्या हाताला गोड: घेवडा, काळं सोयाबीन, लाल चवळी, सगळं दोन-तीन दिवस पाकात मुरवून वर साखरेत घोळवलेलं, मऊ. उजव्या हाताला खारे: शेंगदाण्यांवर पिठाचं कुरकुरीत पूट, त्यात कुठे सोया, कुठे सुकी कोळंबी, कुठे समुद्रशेवाळ, आणि वासाबीचे ते हिरवे, जे नाकातून थेट डोक्यात जातात. प्रत्येक बरणीपुढे चाखायला एक ताटली. भट्टी मागे नवरा सांभाळतो, पुढचं मी. आणि शेगडीजवळच्या खुर्चीत सासूबाई बसतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. डोळे मिटलेले असले तरी झोपलेल्या नसतात.

"आभाराचं काहीतरी दे," बाई म्हणाल्या. "फार मोठं नको, घेणाऱ्याला ओझं होतं. अगदी लहानही नको."

"म्हणजे मधलं."

"मधलं दिलं की विचार न करता दिल्यासारखं वाटतं."

शेवटी त्यांनी गोड दाणे चाखायला घेतले. पांढरा घेवडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग काळं सोयाबीन, मग पुन्हा घेवडा. एक पुडी बांधून घेतली आणि माझी गाठ त्यांना पसंत पडली नाही म्हणून सोडून स्वतः बांधली.

दोन दिवसांनी काका दारात उभे. "ताई, समोरच्या बाईंनी तुमच्याकडचं काहीतरी पाठवलंय. आता परत काय द्यायचं असतं? हे सगळं आमची ही बघायची."

मी म्हटलं, तुम्हीच चाखून ठरवा. काकांनी खाऱ्याच्या बाराही ताटल्या चाखल्या. वासाबीचे दोनदा. डोळ्यांतून पाणी आलं तरी चेहरा खूश. मी गोडाची ताटली पुढे केली तर हात मागे घेतला.

"नको. डॉक्टरांनी साखर बंद केलीय. पार."

"मग बाईंची पुडी?"

"दिली एकाला. त्यांना सांगू नका हं. बिचारीने किती निगुतीने बांधली होती."

हे ते इतक्या मोठ्याने बोलले की समोरच्या केशकर्तनालयातला माणूस वळून बघायला लागला. नशीब की बाई गल्लीत नव्हत्या. वासाबीचे आणि कोळंबीचे असे दोन पुडे घेऊन काका गेले.

मग परत बाई आल्या. दोन पुडे आले म्हणजे आता डबा द्यायला हवा, हा त्यांचा हिशेब. मी सहज म्हटलं, "कसे होते काकांचे दाणे? हे शेवाळाचे नवे आहेत, बघा." बाईंनी एक दाणा तोंडात टाकला, खिडकीकडे वळल्या, आणि रुमाल ओठांना लावून पुन्हा माझ्याकडे वळल्या तेव्हा तोंड रिकामं होतं. चावल्याचा आवाज काही आला नाही.

"छान आहेत," त्या म्हणाल्या.

मी बघितलं ते सासूबाईंनीही बघितलं होतं. बाई गेल्यावर मी म्हटलं, "आई, काकांना गोड चालत नाही आणि बाईंना कडक चाववत नाही. सांगून टाकू का?"

"गिऱ्हाईक आपल्याकडे दाणे घ्यायला येतं, सल्ला घ्यायला नाही," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "जीभ आवर."

मी आवरली. आता आवरली हे खरं, पण त्यात धंद्याचा विचार अजिबात नव्हता असं म्हणणार नाही. कारण पुढे ते थांबेचनात. बाईंचा डबा गेला की काका मोठा डबा न्यायचे. बाईंना वाटायचं, बर्फ तर आपण उपसू शकत नाही, मग डब्याने तरी भरपाई करू. काकांना वाटायचं, एवढा डबा आला म्हणजे बर्फ नीट उपसायला हवा. आधी दारापासून रस्त्यापर्यंत, मग फाटकाच्या आजूबाजूला, मग मागच्या अंगणात, शेवटी बाईंच्या टपालपेटीवर बसलेला बर्फसुद्धा ते ब्रशने झाडायला लागले. इकडे पुडीचा डबा झाला, डब्याचे दोन थर झाले, आणि वर्षाच्या शेवटी बाईंनी लाकडी पेटी मागितली, जी आम्ही लग्नाच्या आहेरासाठी ठेवतो.

नवं वर्ष उजाडलं. जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी बाई दुकानात आल्या आणि त्यांनी "पाठ सरळ" म्हटलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. त्यांनी पिशवीतून तीच लाकडी पेटी काढून माझ्यासमोर ठेवली. वर एक छोटा कागद ठेवला.

"हे अक्षर कोणाचं आहे?"

"तुमचं, बाई."

"पेटीच्या वेष्टनाखाली मी तो कागद ठेवला होता. काल वर्षातला पहिला वर्ग झाला. माझ्या शिष्येने, युकिहोने, मला भेट म्हणून ही पेटी आणली. तिच्या नवऱ्याला त्याच्या ओतकामातल्या जुन्या गुरूने दिली म्हणे. न उघडलेली आहे, बाईंनाच देऊ या, असं दोघांनी ठरवलं." बाईंचा आवाज अगदी सपाट होता. "तो गुरू कोण, हे मी तुला विचारत नाही. एवढंच सांग. तुला माहीत होतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या गाढ झोपेत.

"होतं," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पहिल्या पुडीपासून."

बाईंनी पेटीवरचा कागद बोटाने सरळ केला. शाळकरी वयात माझा सूर चुकला की त्या अशाच वहीतलं पान सरळ करायच्या, आणि तेव्हासारखंच मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात दार सरकलं आणि काका टोपीवरचा बर्फ झाडत आत आले. "ताई, या वेळी तीन थरांचा डबा मिळेल का बाईंसाठी?" मग त्यांनी बाईंना पाहिलं. मग पेटी पाहिली. काकांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"उघडलीही नाहीत," बाई म्हणाल्या.

"काय?"

बाईंनी कागद त्यांच्या हातात दिला. "वाचा."

काकांनी कागद लांब धरला आणि वाचायला लागले. त्यांना मनात वाचता येत नाही की काय कोण जाणे, घंटेसारख्या आवाजात वाचलं: "पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या तुमच्या फावड्याचा आवाज ऐकते. घरात कोणीतरी आधीच उठलंय असं वाटतं. त्याबद्दल आभार."

"हळू वाचा," बाई म्हणाल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला हळू येत नाही," काका म्हणाले. त्यांनी कागद पुन्हा एकदा, या वेळी ओठ हलवत, वाचला. मग घडी करून आतल्या खिशात ठेवला. परत दिला नाही.

"मला साखर चालत नाही, बाई. तीन वर्षं झाली."

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही आणायचं बंद केलं असतं."

"अर्थातच. दाणे चालत नाहीत तर कशाला आणायचे?"

"दाण्यांचं नाही म्हणत. तुम्ही डबा घेऊन यायच्या, दारात उभं राहून पाच मिनिटं बोलायच्या. बोलायच्या काय ते मला निम्मं ऐकू यायचं नाही. पण यायच्या."

बाईंनी पिशवीतून रुमाल काढला. आणि नेमक्या त्याच वेळी शेगडीजवळून सासूबाई म्हणाल्या, "त्याचे खारे दाणे तू कुठे घातलेस तेही सांग की, सुमिए."

जीभ आवरण्याचा नियम फक्त मला होता, हे त्या दिवशी कळलं.

"शिष्यिणींना वाटले," बाई पुटपुटल्या.

"काय?" काका.

"वाटले. मुलींना."

"का? आवडले नाहीत?"

बाई अगदी हळू काहीतरी म्हणाल्या. काका कानामागे हात धरून वाकले. बाई पुन्हा म्हणाल्या. काका आणखी वाकले. दारातून दोन गिऱ्हाइकं आत आली होती, तीही वाकली.

"कवळी आहे मला," बाई सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "वरची आणि खालची. कडक चाववत नाही."

काका हसायला लागले. पोटातून, खांदे हलवत. आणि बाई, ज्यांना मी वर्गात कधी हसताना पाहिलं नाही, त्या आधी रुमालामागे आणि मग रुमाल खाली ठेवून हसल्या.

"मग मला सारखे गोडच का देत होतात?" काकांनी विचारलं.

"मला आवडतात म्हणून. पांढरा घेवडा तर फारच. स्वतःसाठी कोण घेतं एवढा?"

"मीही तेच केलं. वासाबीचे."

त्या दुपारी दोघांच्या कपाटांतून जे उरलं होतं ते सगळं दुकानात आलं. काकांकडे गोडाचे तीन डबे होते. बाईंकडे खाऱ्याचे पाच, अर्धे वाटून झाल्यावरही. त्यांनी आमच्याच टेबलावर, आमच्याच डब्यांची अदलाबदल केली आणि एकही नवा दाणा न घेता निघून गेले. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "पेटी तरी हिने परत न्यायला नको होती. पुन्हा विकता आली असती."

बाई माझ्यावर रागावल्या होत्या, त्याचा निकाल लागायला आठवडा गेला. शनिवारी त्या आल्या, घेवड्याची लहान पुडी स्वतःसाठी मागितली, आणि म्हणाल्या, "ताझुको, पाठ सरळ." मला बरं वाटलं. शेजारी काका सोयाच्या दाण्यांची ताटली रिकामी करत होते. तेव्हापासून शनिवारी दोघं बरोबर येतात, आपापली पुडी घेतात आणि बाईंच्या घरी चहाला बसतात. काका कोतोही ऐकतात. म्हणे तारा ऐकू येत नाहीत, पण लाकडावर हात ठेवला की कळतं.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. हिवाळा संपल्याचा तो दिवस. घराघरांतून भाजलेले सोयाबीन फेकून भुतं बाहेर घालवायची, आणि मग वयाइतके दाणे, वर पुढच्या वर्षाचा एक, मोजून खायचे. खाल्ले की वर्ष निरोगी जातं.

सकाळी काका खलबत्ता घेऊन आले. पितळी, जड, त्यांनीच ओतलेला. माझ्याकडून भाजलेले सोयाबीन घेतले, मोजले, आणि कोपऱ्यात बसून कुटायला लागले. पीठ झालं तशी बाईंना हाक मारली. बाई आल्या तर त्यांच्यापुढे वाटीत सोनेरी पीठ आणि चमचा.

"यंदाचे तुमचे दाणे," काका म्हणाले. "चावायला नकोत."

बाईंनी एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग थांबल्या. "किती आहेत यात?"

"बहात्तर."

म्हणजे वय एकाहत्तर. गावाला बाईंनी गेली काही वर्षं अडुसष्टच सांगितलेलं. मी दोरीच्या गुंड्यात डोकं घातलं.

"तुम्हाला बहात्तर कोणी सांगितलं?"

काकांनी कानामागे हात धरला. "काय?"

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि उरलेलं पीठ चमच्याने खरवडून संपवलं. तेवढ्यात सासूबाईंनी खुर्चीतून वाटी पुढे केली. "पंच्याऐंशी," त्या म्हणाल्या. "बारीक कूट." त्यांच्यामागे केशकर्तनालयातल्या माणसाचे वडील उभे होते, त्यांच्यामागे मासळीवाली आजी, आणि दुपारपर्यंत आमच्या दुकानातून खलबत्त्याचा आवाज गल्लीभर येत होता.