दीड डेसिबल

बटणावरची पांढरी रेघ चारच्या आकड्यावर नेमकी उभी होती, आणि ती तिथेच राहायला हवी होती... त्याने दोन बोटांनी बटण धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. आवाज मोजायचा स्टुलावरचा मीटर गिटारचा आवाज वाढवणाऱ्या दोन्ही अँपना सारखाच शहाण्णवचा आकडा दाखवत होता. हे बटण ज्याचं, तो अँप त्याने स्वतः बनवलेला. शेजारचा त्याच्या धाकट्या बहिणीने. आवाज बाहेर पडायला स्पीकरची पेटी एकच. थोड्या वेळाने मावशी यायच्या होत्या. मावशी तशा कोणाच्याच मावशी नव्हत्या — तीस वर्षं गिटारमधून भिंती हादरवणारं संगीत वाजवणारी बाई, गळ्यात साखळीचा चष्मा. सगळा बँडच मावशी म्हणायचा. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून दोन्ही वाजवून ऐकणार, कोणता कोणाचा हे न कळता एक निवडणार, आणि पुढचा अख्खा दौरा तोच त्यांच्या मागे उभा राहणार.

"आवाजाची लेव्हल तूच लाव, दादा," धाकटी काल फोनवर म्हणाली होती. "मी कशाला मध्ये? तू लावलीस म्हणजे झालं."

सकाळी त्याने तिच्या अँपचं मागचं झाकण उघडलं होतं. उगाच — म्हणजे उगाच नव्हेच, चुका शोधायला. आधी दिसला तो ट्रान्सफॉर्मर, आणि तो चक्क वाकडा! भलत्याच कोपऱ्याकडे तोंड करून बसवलेला. हसलाच तो... वेंधळी कुठली, शाळेत वहीवर समास आखायची तोही असाच. मग त्याने अँप चालू केला, आवाजाला जाड, फाटका करणारं गेनचं बटण शेवटपर्यंत चढवलं आणि घरघरीची वाट पाहिली. एवढा गेन म्हटला की मागून घरघर येणारच. त्या घरघरीशी वीस वर्षं झगडून त्याने हात टेकले होते, गिऱ्हाइकांना 'एवढं चालायचंच' म्हणून सांगत आला होता. घरघर आली नाही. त्याने पेटीला कान लावला. नाहीच. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला — तिने अँप चालू ठेवून ते जड धूड जरा जरा फिरवत नेलं असणार, आणि घरघर जिथे विरली तिथेच स्क्रू आवळले असणार, मग दिसायला कसं का दिसेना. त्याच्या हातून हे कधी झालंच नसतं. त्याला वाकडं बघवत नाही.

मग त्याने गिटार घेतली, आणि तिथेच फसला. त्याचा स्वतःचा अँप करारी होता, एकेक सूर कापून हातात द्यायचा. नाव ठेवायला जागा नाही. पण तिचा अँप बोटं ओळखत होता. तार हलकेच छेडली तर तेवढ्या दांडग्या आवाजातही हळू बोलायचा. जोरात मारली की नव्या गादीसारखा क्षणभर दबून वर यायचा. आणि तळहात तारांवर टेकला की थांबायचा — तिथल्या तिथे. पाच मिनिटं म्हणता म्हणता तासभर तो वाजवत बसला. किती सुंदर केलंय हिने, किती सुंदर... आणि मला का नाही सुचलं? दहा वर्षांची होती, माझ्या टेबलाशी टाचा उंचावून गरम सोल्डरवर फुंकर मारायची. 'फुंकू नकोस, आपोआप निवू दे.' तेवढं मी शिकवलं. पुढे तिने जे जे बनवून आणून दाखवलं, त्याला मी काय म्हणालो? 'ठीक आहे.' फार झालं तर, 'बरं आहे.'

फाटक वाजलं. बोटं अजून स्वतःच्या अँपच्या बटणावरच होती... रेघ चारच्या किंचित पुढे सरकली. मीटरवर साडेसत्त्याण्णव. दीड डेसिबल, फक्त. एवढासा फरक कानाला मोठा आवाज म्हणून कळत नाही, चांगला आवाज म्हणून कळतो. म्हणून तर तुलना करायची तर आधी मीटर लावायचा. हेही त्यानेच तिला शिकवलं होतं. त्याने मीटर खणात टाकला आणि दार उघडायला गेला.

गिटार गळ्यात अडकवून मावशींनी पाठ फिरवली. "हं. पहिला."

त्याने आपला अँप जोडला. मावशींचे खांदे डोलू लागले. "मस्त आहे हो! अंगावरच येतो." त्याला आनंद झाला, आणि होता होताच त्या आनंदाची किळस आली.

"दुसरा."

त्याने वायर बदलली. पहिल्याच सुराला मावशींचे खांदे थांबले. त्या हळू वाजवू लागल्या, असल्या आवाजात कोणी वाजवत नाही असं काहीतरी नाजूक... मग एकदम तडाखा, आणि तळहात तारांवर. शांतता. त्या दचकून वळल्या.

"बंद पडला का?"

"नाही. चालू आहे."

त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबवलं, आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "हाच. कोणाचा का असेना, हाच."

"बहिणीचा," तो म्हणाला.

त्या गेल्यावर तो आपल्या अँपसमोर बसून राहिला. आवाज वाढवला तशी माझ्या अँपची घरघरही वाढली, म्हणूनच त्यांना... छे! हरल्यावरही सबब? त्याला स्वतःचीच लाज वाटली. खरं एवढंच होतं की त्याने लबाडी करूनही ती जिंकली होती, आणि ती किती जिंकली हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

दुपारी धाकटी आली, हेल्मेट हातातच. मावशींनी तिला फोन केला होता, तरी तिचा चेहरा फुललेला नव्हता.

"दादा, खरं सांग. लेव्हल सारखी होती ना?"

"का गं?"

"नाही, म्हणजे... माझाच जरा वर ठेवला नव्हतास ना? मला बरं वाटावं म्हणून? तुझा काही नेम नाही. पत्ते खेळताना मुद्दाम हरायचास तू."

नुसतं 'नाही' म्हटलं तर ती मान डोलावेल, आणि जन्मभर मनात म्हणत राहील, दादाने दिलं. जिंकणं पुरतं तिचं व्हायचं तर एकच गोष्ट सांगायला हवी — आणि ती सांगितली की तो पत्त्यांत हरणारा दादा तिचा राहणार नाही. त्याचा चांगुलपणा म्हणून तिला ठाऊक होता तो तेवढाच...

"चांगला झालाय गं," तो म्हणाला. "फार चांगला झालाय. किती चांगला, ते..."

ती थांबली होती, हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत. असं काही त्याच्या तोंडून तिने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्याने आपल्या अँपकडे पाहिलं. रेघ अजून चारच्या पुढेच होती, आणि तिच्या नजरेस पडेल म्हणून ती मागे घ्यावी असं त्याला वाटेना.