आतून दाखव

सगुणा आता पार दमली होती. डोक्यावर टोपली, हाताला पंधरा वर्षांची लेक शेवंती, आणि माहुलहून चेंबूरपर्यंत पायपीट. आधी दवाखाना, मग मासळीबाजार. महिनाभर हेच चाललं होतं. शेवंतीची समज चार वर्षांच्या पोरीएवढी, बोलणं दोन-तीन शब्दांचं. पण पोर गरीब होती. महिन्यापूर्वी काय झालं कोण जाणे, तिने जेवण सोडलं, डोकं भिंतीवर आपटायला लागली आणि सारखी बोटाने गाल ओढून तोंड वेडंवाकडं करायला लागली. परवा सगुणाचं डोकं फिरलं आणि तिने पोरीच्या थोबाडीत ठेवून दिली.

डॉक्टर तसा वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला खुर्चीतून उठायचा भारी कंटाळा. दोनदा त्याने झोपेचं औषध दिलं, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवून. आज बसल्या जागी चिठ्ठीच लिहिली.

"वय वाढतंय तसं वेड वाढतंय. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. उद्याच न्या."

"घरी परत कदी आनायची?"

डॉक्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली.

चिठ्ठी कमरेला खोचून सगुणा बाजारात येऊन बसली. उद्या पोर जाणार. खरं सांगायचं तर आधी तिला सुटल्यासारखंच वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली.

नेहमीचं गिऱ्हाईक, पद्मजाबाई, समोर येऊन उभ्या राहिल्या. "रावस ताजा आहे ना गं?"

"आतून दाखव गं त्यान्ला," सगुणा सवयीने म्हणाली.

हे एक काम शेवंती चोख करायची. बोटाने माशाचा कल्ला उचलायचा आणि आतला लाल रंग गिऱ्हाइकाला दाखवायचा. तिने दाखवला. मग तेच बोट तोंडात घालून तिने आपला गाल उचलला, अगदी तस्साच, आणि आईकडे तोंड केलं.

सगुणाने पोरीचं तोंड उजेडाकडे वळवलं. मागची दाढ पार कुजलेली, हिरडी सुजून पू आलेला. सडका मासा लांबूनच वासाने ओळखणारी बाई ती. पण पोरीच्या अंगाचा वास टोपलीचाच, असं धरून चालली होती.

टोपली पद्मजाबाईंच्या पायाशी तशीच सोडून ती पोरीला घेऊन दवाखान्यात घुसली.

डॉक्टर उठला. वाकून बघत राहिला. "अगं, मग आधी सांगायचं नाही का?"

"म्हैनाभर दाखवत व्हती ती. तुमी बगितलं नाय." सगुणाला रडू फुटलं. "मी पन नाय."

डॉक्टरने हात पुढे करून चिठ्ठी परत मागितली.

दाढ निघाली. बाहेर रस्त्यावर येताच शेवंतीने तोंडातला कापूस काढला, गाल ओढला आणि पुन्हा आतून दाखवलं. परवा हात उठला होता तो याच गालावर. सगुणा तिथेच थांबली, पोरीची हनुवटी धरली आणि नीट, सावकाश बघितलं.

"बगितलं गं बाय," ती म्हणाली. "बगितलं."